गळ्यावरची मखमली पट्टी

अथेन्स, ९ नोव्हेंबर १९८७

प्रिय मावशी,

पार्सल बसच्या ड्रायव्हरकडे दिलंय. त्यात माझी कॅसेट आहे (सप्टेंबरमध्ये क्लबात लोकांसमोर रेकॉर्ड केलेली), एक मोठं पोस्टर आहे आणि तुझ्यासाठी लोकरीचे मोजे. पोस्टर बघून ओरडू नकोस. मान मागे टाकलेली, डोळे मिटलेले आणि हनुवटीपासून खांद्यापर्यंत नुसता गळा. फोटोवाल्याने मला चार तास तशी बसवली होती. कंपनीचे मालक कालुदिस म्हणतात, "लोक आधी बघतात, मग ऐकतात. एवांथिया नावाच्या पोरीची कॅसेट कोण घेणार? इवाची घेतील." तर आता मी इवा झाले. तू पाकिटावर मात्र पूर्ण नाव लिही, नाहीतर घरमालकीण पत्र परत पाठवेल.

कॅसेट धडाक्यात खपतेय. परवा टॅक्सीत बसले तर आरशाखाली पनायिया मातेच्या चित्राला खेटून माझा गळा चिकटवलेला. ड्रायव्हरने मला ओळखलं नाही, कारण मी मफलर गुंडाळला होता.

पण मी लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. सप्टेंबरपासून माझा आवाज एका जागी अडकतो. वर चढताना कोणीतरी गळ्यावर अंगठा दाबून धरल्यासारखं होतं, आवाज खरखरतो, तुटतो आणि मग पुन्हा सापडतो. मला तिथे दरदरून घाम फुटतो. आणि लोक नेमके तिथेच वेडे होतात. कार्नेशनच्या फुलांच्या टोपल्या माझ्या पायांवर रिकाम्या करतात. त्या दिवशी पुढच्या टेबलावरची एक बाई हमसून रडली. मी मनात म्हणत होते, बाई गं, मी गात नाहीये, मी गुदमरतेय.

मला दृष्ट लागलीये, दुसरं काय असणार? तीनशे माणसं रोज टक लावून एकाच जागी बघतात. पणजोबांनी तुला दिलेले दृष्ट काढायचे शब्द अजून चालतात ना? पार्सलमध्ये माझा वापरलेला रुमाल ठेवलाय. तो समोर धरून पाण्यात तेल सोडून बघ. कोणाला सांगू नकोस. मला भीती वाटते, आणि ती इथे कोणापाशी बोलायची सोय नाही.

तुझी एवांथिया

कारिया, २० नोव्हेंबर १९८७

एवांथी, पोरी,

मोजे बरोबर बसले. पोस्टर मात्र माझ्याकडे राहिलं नाही. हारिलाओसने हातातून ओढून घेतलं आणि थेट आपल्या कॉफीच्या दुकानात लावलं. आपले पाद्रीबाबा पोस्टरकडे पाठ करून बसतात, पण खुर्ची बरोबर अशी ठेवतात की समोरच्या आरशात दिसावं. मी बघितलंय.

आता कामाचं. शुक्रवारी सकाळी तुझा रुमाल पुढ्यात घेऊन बसले. पहिला थेंब सोडला तो पाण्यात विरघळूनच गेला. दुसरा तसाच, तिसरा तसाच. दृष्ट म्हणजे किती असावी! मला एवढ्या जांभया आल्या की जबडा निखळायची वेळ आली, डोळ्यांतून पाणी थांबेना. सगळं तुझ्यावरून उतरून माझ्यावर आलं, आणि मी ते परसातल्या अंजिराच्या मुळाशी ओतून दिलं. आता तुला बरं वाटेल. सोबत निळा मणी पाठवते, झग्याच्या आतून शिवून घे. आणि गळा झाक. तुझी आई मेलपो असती तर तिने त्या पोस्टरवर शाल शिवली असती.

बाकी गावाला तुझं फार कौतुक आहे. हारिलाओस दिवसातून दहा वेळा कॅसेट लावतो. तू सांगतेस ती जागा आली की हात वर करून सगळ्यांना गप्प करतो, पोस्टरकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, "आता ऐका. आता हिचा जीव तुटेल." आणि सगळे तुझ्या फोटोकडे बघत उसासे टाकतात. मलाही तिथे भरून आलं, खोटं कशाला बोलू.

जेवत जा. दृष्ट लागू नये म्हणून तीनदा थुंकते तुझ्यावरून.

मावशी लाम्ब्रिनी

अथेन्स, १४ जानेवारी १९८८

प्रिय मावशी,

तुझ्या तेलाने तीन दिवस हलकं वाटलं. चौथ्या दिवशी पुन्हा तेच.

पण तुझं एक ऐकलं. गळा झाकला. आता मी काळ्या मखमलीची रुंद पट्टी बांधून गाते, मागे छोटा हूक. कालुदिस पहिल्या दिवशी भडकले, "विकायची गोष्टच झाकून ठेवलीस." पण आठवडाभरात शहरातल्या पोरी तशाच पट्ट्या बांधून यायला लागल्या. दुकानांत 'इवाची पट्टी' म्हणून मिळते. आता कालुदिस सांगत फिरतात की कल्पना त्यांचीच होती. नवं पोस्टर पट्टीचं आहे.

एका वर्तमानपत्राने लिहिलंय, "हिच्या आवाजात राख आहे." लारिसा शहरातल्या एका बँकेतल्या कारकुनाने मला चार पानी पत्र पाठवलंय. लिहितो, "रेडिओवर तुमचं गाणं ऐकलं तेव्हा साधं वाटलं. मग कॅसेट आणली, फोटो समोर ठेवला आणि तेव्हा कळलं की तुम्ही किती सोसलं आहे." मी सोसलंय काय, तर आई न्यूमोनियाने गेली तेव्हा मी चार वर्षांची होते आणि पुढे तू मला लाडाकोडात वाढवलंस. पण त्याला माझ्या फोटोत काय काय दिसतं! आम्ही मेकअपच्या खोलीत वाचून पोट धरून हसलो. मग रित्सा, जी माझा मेकअप करते, ती एकदम हसायची थांबली आणि पट्टी नीट करायला लागली.

कालुदिसना म्हटलं, एकदा डॉक्टरला दाखवते. ते म्हणाले, "आणि त्याने आवाज साफ करून दिला तर? साफ आवाजाच्या पोरी मला दर सोमवारी दारात भेटतात."

तेल सोडत राहा, मावशी. दर मंगळवारी आणि शुक्रवारी.

तुझी एवांथिया

कारिया, ५ फेब्रुवारी १९८८

एवांथी,

पट्टीचं वाचून इतका आनंद झाला की शेजारणीला वाचून दाखवलं. शेवटी माझं ऐकलंस. इथेही सगळ्या पोरींनी पट्ट्या शिवल्यात. पाद्रीबाबांनी रविवारी प्रवचनात लाजेचं कौतुक केलं, नाव नाही घेतलं पण आम्हाला कळलं.

आनंदाची दुसरी बातमी. मंगळवारी तेल सोडलं आणि ते विरघळलं नाही. तिन्ही थेंब पाण्यावर अख्खेच्या अख्खे, सोन्याच्या नाण्यासारखे तरंगत राहिले. शुक्रवारी पुन्हा तेच. एक जांभई नाही. म्हणजे दृष्ट गेली, पोरी. तुझ्यावर आता कोणाचा डोळा नाही. उरला असेल तो नुसता थकवा. मध आणि पहाडी चहा घे, चार दिवस झोप काढ.

मावशी

अथेन्स, १ मार्च १९८८

मावशी,

चार दिवस झोपले. मध घेतला. आवाज आणखी बसला आहे. काल पाणी पिताना ठसका लागला तो दहा मिनिटं थांबेना.

तू म्हणतेस दृष्ट नाही. मग काय आहे? तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात तू गावच्या पोरींबद्दल लिहिलंस, पाद्रीबाबांबद्दल लिहिलंस, पण शेवट इतक्या घाईने केलास. तू कधीच एवढं छोटं पत्र लिहीत नाहीस.

मला दृष्ट हवी होती, मावशी. दृष्ट काढता येते.

एवांथिया

कारिया, २० मार्च १९८८

एवांथी,

हे पत्र मी दोनदा लिहून चुलीत घातलं. हे तिसरं.

गेल्या बुधवारी करड्या शेळीसाठी घंटा घ्यायला यानिनाला गेले होते. बार्बा झिकोस तुला आठवतात का माहीत नाही. घंटा ओततात, ऐंशीच्या घरातले, वाकलेले. घंटा निवडताना ते भिंतीकडे तोंड करून उभे राहतात आणि दुसऱ्याला वाजवायला सांगतात. पितळ चकाकत असलं की कान बिघडतो, असं त्यांचं म्हणणं. तू लहानपणी त्यांना हसायचीस.

त्यांच्या सुनेने दुकानात तुझं पोस्टर लावलंय. माझी भाची म्हटल्यावर तिने मला खुर्ची दिली, कॅसेट लावली आणि ती जागा आली तशी म्हाताऱ्याला म्हणाली, "बाबा, इथे ऐका, काळीज पिळवटतं." झिकोस पोस्टरकडे बघायला वळले, मग सवयीने भिंतीकडे वळले. म्हणाले, "पुन्हा लाव." तीनदा लावायला लावलं. मला वाटलं म्हातारा खूष झाला.

मग मला विचारलं, "ही पोरगी आजारी आहे हे घरात कोणाला माहीत आहे का?"

मी म्हटलं, तिच्या गाण्यात दुःख आहे.

"दुःख नाही," ते म्हणाले. "चीर आहे. आत काहीतरी घासतंय तिच्या, श्वास पुरत नाहीये. चीर गेलेली घंटा पहिले काही महिने गोड वाजते, लाम्ब्रिनी. गिऱ्हाइकं मुद्दाम तीच मागतात. मी देत नाही."

सूनबाई म्हणाली, बाबांना संगीतातलं काय कळतंय. मी घंटा न घेताच निघाले.

आता जे तुला मी चोवीस वर्षांत सांगितलं नाही ते ऐक. तुझी आई न्यूमोनियाने गेली नाही. मेलपोच्या गळ्यात गाठ होती. आधी आवाज घोगरा झाला, आम्ही सगळे म्हणायचो किती गोड घोगरा आहे. मग पाणी पिताना ठसका लागायला लागला. मी वर्षभर तिच्यासाठी तेल सोडलं. तेल पाण्यावर अख्खं राहायचं आणि मी तिला सांगायचे, दृष्ट नाही, काळजी करू नकोस. डॉक्टरकडे नेली तेव्हा गाठ अक्रोडाएवढी झाली होती. त्या रोगाचं नाव आम्ही घरात घेतलं नाही. तू मुलगी, उद्या तुझं लग्न, लोक म्हणतील रक्तातच आहे. म्हणून न्यूमोनिया.

फेब्रुवारीत तुझं तेल अख्खं राहिलं तेव्हा मला मेलपोचं तेल आठवलं. मला सगळं कळलं होतं. कळूनही मी तुला ती आनंदाची बातमी म्हणून लिहिली, कारण दुसरं काही लिहायला हात उचलेना.

पट्टी सोड आणि आरशासमोर उभी राहून घोटभर पाणी पी. गळ्याकडे बघ. आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठ.

लाम्ब्रिनी

अथेन्स, १२ एप्रिल १९८८

मावशी,

तुझ्यावर इतकी चिडले होते की तीन आठवडे लिहिलं नाही.

आता माझंही ऐक. पाणी पिऊन बघायची गरज नव्हती. गाठ मला डिसेंबरपासून माहीत आहे. पावडर लावताना रित्साच्या बोटांना लागली. पट्टी लाजेसाठी नव्हती, त्या गाठीसाठी होती. तू इतकी खूष झालीस की मला पुढे लिहवेना. अर्ध्या अथेन्समधल्या पोरी माझी गाठ झाकायचं फडकं गळ्यात बांधून फिरतात, आणि त्यांना वाटतं ते सौंदर्य आहे.

दोघी सारख्याच निघालो.

डॉक्टरकडे जाऊन आले. ते म्हणतात काढावी लागेल, आणि लवकर. गळ्यावर आडवी चीर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आवाज राहील का, विचारलं. म्हणाले, "आवाजाची नस गाठीला चिकटली आहे का ते आत गेल्यावर कळेल." कालुदिसना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला. मग त्यांनी विचारलं, "चीर नेमकी कुठे?" मी बोटाने दाखवलं. ते बराच वेळ भिंतीवरच्या पोस्टरकडे बघत राहिले. "सप्टेंबरपर्यंत थांबता येणार नाही का? उन्हाळ्यात चौदा गावं ठरली आहेत."

मी म्हटलं, विचार करते. आणि मी खरंच विचार करतेय, मावशी. मला मरायची भीती वाटते. पण त्याहून जास्त भीती वाटते ती शिवलेला गळा घेऊन उभी राहीन आणि लोक तोंड फिरवतील याची. मग मी कोण? एवांथिया नावाच्या पोरीची कॅसेट कोण घेणार?

सप्टेंबर काही फार लांब नाही.

एवांथिया

कारिया, १८ एप्रिल १९८८

एवांथी,

मेलपोही म्हणाली होती, द्राक्षं उतरली की जाऊ. सप्टेंबरमध्येच उतरतात.

हारिलाओसच्या दुकानात जाऊन पोस्टर काढलं. तो म्हणाला, "वेड लागलंय का लाम्ब्रिनी, तिला बघितल्याशिवाय गाणं ऐकायचं कसं?" मी म्हटलं, ऐकून बघ एकदा. मी परत गेले तर त्याने दुसरं लावलेलं होतं.

शेळ्या शेजारणीकडे दिल्या. गुरुवारच्या बसने येतेय. बरोबर तेल आणत नाही. तू दार उघडलं नाहीस तर मी जिन्यावर बसून राहीन आणि तुझ्या त्या घरमालकिणीला सगळं सांगेन, रोगाचं नाव घेऊन.

मावशी

अथेन्स, २० जून १९८८

मावशी,

तू जाऊन नऊ दिवस झाले. स्वयंपाकघरात तू भाजलेल्या पिटाचा शेवटचा तुकडा आहे, तो मी खात नाहीये.

टाके निघाले. चीर लालबुंद आहे. डॉक्टर म्हणतात वर्षभराने फिकट होईल, जाणार नाही. त्यांनी त्या रोगाचं नाव घेतलं, आणि मीही त्यांच्यासमोर मोठ्याने घेतलं. वाटतं सगळं निघालं असावं. दर तीन महिन्यांनी तपासायचं, रोज एक गोळी जन्मभर. नस वाचली. काल खिडकी लावून हळूच गाऊन बघितलं. वरच्या दोन सुरांपर्यंत पोचत नाही. पण जिथे पोचते तिथे अडकत नाही. ती जागा आली, माझा घसा सवयीने आवळला, आणि आवाज सरळ पुढे निघून गेला. मी घाबरून थांबले. इतका साफ की माझा वाटेना.

कालुदिस फुलं घेऊन आले होते. चीर बघितली आणि खिडकीकडे बघत बोलले. चौदाच्या चौदा गावं दुसऱ्या पोरीला दिली. ती पट्टी बांधते.

गावच्या पंचांना कळव, ऑगस्टमध्ये पनायियाच्या जत्रेला मी गाईन. पट्टी न बांधता.

एवांथिया

कारिया, २८ ऑगस्ट १९८८

एवांथी,

जत्रेच्या दुसऱ्याच सकाळी तू बसने गेलीस ते बरं झालं असं आधी वाटलं. पण तुझ्याशी आता खोटं बोलायचं नाही असं ठरवलंय, म्हणून लिहिते.

लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या तू ऐकल्यास. नंतरचं तू ऐकलं नाहीस. हारिलाओस म्हणाला, "गाते छान, पण पहिला जीव राहिला नाही त्यात." त्याची बायको म्हणाली, त्या चिरेकडे बघवत नाही, मग गाण्याकडे लक्ष कसं लागणार. पाद्रीबाबांनी आरसा शोधला नाही. तरी तू चांगली गायलीस, पोरी. मी तुझी मावशी आहे, माझं काय धरतेस. पण एक सांगायचं आहे.

बार्बा झिकोस आले होते, यानिनाहून, नातवाच्या गाडीत. त्यांनी खुर्ची उलटी करून घेतली आणि पूर्ण वेळ मंचाकडे पाठ करून बसले. लोक म्हणाले, बघा, म्हाताऱ्यालाही बघवत नाही. मला राग आला होता. सगळं संपल्यावर मी त्यांच्याकडे गेले. ते उठले, काठी शोधली आणि म्हणाले, "हिला कळपाच्या पुढे बांधायला हरकत नाही." पुढच्या शेळीला ते चीर नसलेलीच घंटा देतात. मग माझ्या हातात ती करड्या शेळीची घंटा ठेवली, मी मार्चमध्ये न घेता आले होते ती.

मी दर मंगळवारी आता देवळात मेणबत्ती लावते. तपासणी कधी आहे ते कळव. जीव टांगणीला लागलाय.

मावशी

अथेन्स, ३ ऑक्टोबर १९८८

प्रिय मावशी,

आधी तपासणीचं. काही सापडलं नाही. पुढची जानेवारीत. तोपर्यंत मी श्वास सोडते, तूही सोड.

हारिलाओसवर रागावू नकोस. मी तुला एक गोष्ट सांगते, ती कोणाला सांगू नकोस. परवा मी जुनी कॅसेट काढली. पोस्टर अजून पलंगासमोर आहे, उतरवायला धीर होत नव्हता. त्याच्याकडे बघत ऐकायला लागले. ती जागा आली आणि माझ्या अंगावर काटा आला. किती सुंदर. ती मान, ते मिटलेले डोळे, आणि आत कुठेतरी तुटणारा तो आवाज. मावशी, मलाही तोच आवडला. माझ्या आताच्या आवाजापेक्षा जास्त. मला वाटलं, डॉक्टरांनी हे कशाला काढून टाकलं. असं खरंच वाटलं, पुरतं एक मिनिट. गाठ सापडली तेव्हा भीती वाटली होती त्याहून मी तेव्हा जास्त घाबरले.

मग मला तुझा तो घंटावाला म्हातारा आठवला. उठले, कॅसेट मागे नेली, पोस्टरकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. रंगाचे पोपडे उडालेली साधी भिंत.

गाणं ऐकूच आलं नाही मला. एक मुलगी होती, तिला श्वास घेता येत नव्हता, आणि मागे माणसं टाळ्या वाजवत होती.

तुझी एवांथिया